माझी माय कोणत्या गटात होती

महिन्यातून एखादा तरी फोन गावाकडून येतो. कुणाची मुलगी बारावी सायन्सला असते, कुणाचा भाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. "ताई, सायंटिस्ट व्हायला काय करावं लागतं? किती वर्षं लागतात? आन् पगार कधी सुरू होतो?" तिन्ही प्रश्न रास्त आहेत, पण फोनवर नीट उत्तर देता येत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते, माझ्या बाबतीत जसं झालं तसं.

आधी वर्षांचा हिशोब. २००५ ला बारावी. २००८ ला तालुक्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. २०१० ला औरंगाबादला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. २०११ ला नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधन-फेलोशिपसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. २०१२ च्या जानेवारीत पुण्याला पीएच.डी. सुरू, २०१८ ला पदवी हातात. त्यानंतर तीन वर्षं जर्मनीत. २०२२ पासून स्वतःची छोटी लॅब. कायम नोकरीचा पहिला पगार खात्यावर आला तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. माझ्याबरोबर दहावीला बसलेल्या मैत्रिणीची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. हे ज्यांना चालणार असेल त्यांनी पुढं वाचावं.

आमचं गाव कळंब तालुक्यातलं. माझ्या दाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे, आता धाराशिव म्हणतात. दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, तीन म्हशी आणि कोरडवाहू सहा एकर. डॉक्टर सोडता विज्ञानाचा माणूस गावात कधी आलाच नाही असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण एक यायचे. म्हैस माजावर आली की दादा पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप द्यायचे आणि तिथले साहेब मोटारसायकलला कॅन बांधून यायचे. झाकण उघडलं की पांढरी वाफ कडेनं खाली उतरायची. साहेब चिमट्यानं बारीक नळी वर काढायचे, थर्मासमधल्या कोमट पाण्यात धरायचे, पुसायचे आणि मग कामाला लागायचे. मी विचारलं, पाणी का? ते म्हणाले, "आतले जीव झोपलेत, त्यांना पटकन जागं करावं लागतं. सावकाश जागं केलं तर मरतात." बारा वर्षांनी पुण्याच्या लॅबमध्ये सीनिअरनं मला पहिल्यांदा पेशी 'थॉ' करायला शिकवलं, तेव्हा तोच कॅन होता, उणे १९६ अंशांचा तोच द्रव नायट्रोजन, आणि बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या पाण्यात तीच घाई. माझा हात तिथं बाकीच्यांपेक्षा कमी थरथरला.

आता मूळ गोष्टीकडं येते. मी सातवीत असेन, १९९९-२००० च्या सुमाराला. गावात काही बाया वह्या घेऊन घरोघर फिरल्या. तीस ते साठच्या आतल्या बायकांची नावं, वय, लग्न कितव्या वर्षी झालं, लेकरं किती. काही दिवसांनी मायला आणि गल्लीतल्या दहाबारा जणींना तपासणीला नेलं. घरी आल्यावर माय त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "पिशवीचं बघायला नेलं होतं. तू अभ्यास कर."

आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. आणि पिशवीची दुखणी अंगावर काढायची असतात, हे प्रत्येक मुलगी कुणी न शिकवता शिकते. माझी मावशी बीड जिल्ह्यात दिलेली. ती आणि काका दरवर्षी दसरा झाला की टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर तिच्या अंगावरून पुन्हा जायला लागलं. फडावर दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून तिनं तो सगळा हंगाम तसाच काढला. २००७ मध्ये येरमाळ्यावरून बार्शीला नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, तिसरी पायरी. शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. माझी बी.एस्सी. चालू होती, सुट्टीत मी तिच्याजवळ राहिले. तिला पाठीवर हात फिरवलेला आवडायचा. आठ महिन्यांत ती गेली. तिच्या रिपोर्टवर 'कार्सिनोमा सर्व्हिक्स' लिहिलं होतं. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर आणि सर्व्हिक्स म्हणजे गर्भाशयमुख, हे मला शब्दकोशात शोधावं लागलं. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होते, झुरळाची आणि बेडकाची प्रजननसंस्था तोंडपाठ होती.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आम्हाला जर्नल क्लब असायचा. प्रत्येकानं एक शोधनिबंध वाचून वर्गासमोर मांडायचा. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसमुळं, म्हणजे एचपीव्हीमुळं, गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो हे दाखवल्याबद्दल हाराल्ड त्सूर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं होतं, म्हणून सरांनी मला त्या विषयावरचा ताजा निबंध काढून आणायला सांगितलं. मला मिळाला तो एप्रिल २००९ चा, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मधला. माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं. शब्द अडेल तिथं पेन्सिलीनं खूण करत होते. पद्धतीच्या भागात आले आणि एका शब्दाला अडायची गरज पडली नाही. उस्मानाबाद.

मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी परदेशी शास्त्रज्ञांबरोबर आमच्या जिल्ह्यात केलेला तो अभ्यास होता. बार्शीकरांना हे काम नवीन नव्हतं. बार्शी, भूम आणि परांडा तालुक्यांतल्या गावांत १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदणी. या अभ्यासात गावांचे ५२ समूह केले होते आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले होते. एकूण १,३१,७४६ बायका, वय ३० ते ५९. एका गटाची एचपीव्हीची चाचणी. दुसऱ्याची पॅप, म्हणजे पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. तिसऱ्याच्या गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड लावून, मिनिटभर थांबून, पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, आणि तेव्हा आमच्या जिल्ह्यात नेहमीच्या सेवेत अशी तपासणी नव्हतीच.

आठ वर्षांनी मोजलं तेव्हा चौथ्या गटात पुढच्या पायरीला गेलेला कॅन्सर ८२ बायकांत आणि या कॅन्सरनं मृत्यू ६४. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९ आणि ३४. गट साधारण सारख्याच आकाराचे होते. आयुष्यात एकदाच केलेल्या त्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पॅप आणि ॲसिडच्या गटांत मात्र ठामपणे सांगता येईल इतका फरक या अभ्यासात दिसला नाही.

मी त्या रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून घरी फोन लावला.

"माय, तुला पिशवीच्या तपासणीला नेलं होतं ते आठवतं का?"

"आता काय त्याचं? काय झालं?"

"काही नाही झालं. काय केलं होतं ते सांग."

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "झोपवलं. बाईनं कापसानं काहीतरी लावलं. आंबट वास आला बघ, लोणच्याच्या बरणीसारखा. मग बॅटरी लावून बघितलं आन् लगेच म्हणली, चांगलंय, उठा."

लगेच सांगितलं, म्हणजे नमुना कुठं पाठवलेला नाही. आंबट वास, म्हणजे ॲसिटिक ॲसिड. माय बहुतेक तिसऱ्या गटात होती. मी कागदावर तो रकाना शोधला: ३४,०७४ बायका. त्यातली एक आमच्या घरात भाकरी थापत होती.

संशोधन करायचं हे त्या रात्री ठरलं. तोपर्यंत मला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं, आणि दादांनाही तेच हवं होतं. चौथ्या गटाबद्दल नंतर जगभर वाद झाला की तपासणी हाताशी असताना एवढ्या बायकांना तिच्याविना ठेवणं योग्य होतं का. हा प्रश्न विचारलाच पाहिजे असं माझं मत आहे, आणि मी माझ्या विद्यार्थ्यांना तो दरवर्षी विचारते. ६४ हा आकडा मी अजून फळ्यावर सहज लिहू शकत नाही. त्या बाया मावशीसारख्याच गेल्या असणार.

आता नेटचं. पहिले दोन प्रयत्न गेले. तेव्हा एक पेपर लेखी असायचा आणि इंग्रजीत पानं भरून लिहिणं मला जमायचं नाही. जून २०११ पासून सीएसआयआरनं, म्हणजे तेव्हा ही परीक्षा घेणाऱ्या केंद्राच्या संस्थेनं, एकच बहुपर्यायी पेपर केला आणि माझ्यासारख्या अनेकांना दार उघडलं. जीवशास्त्राच्या पेपरात तीन भाग. शेवटच्या भागात ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे, प्रत्येकाला चार गुण. कोणते पन्नास सोडायचे हे कळणं हीच खरी तयारी. मी विद्यापीठाच्या वाचनालयात सकाळी आठला जागा धरायचे आणि रोज एका प्रयोगाचं चित्र काढून स्वतःला विचारायचे, यात कंट्रोल काय आहे, म्हणजे तुलनेसाठी बदल न करता ठेवलेला गट कोणता? पाठांतरापेक्षा याचाच उपयोग झाला. फोन करणाऱ्या मुलांना मी हेच सांगते: प्रत्येक तक्त्यात आधी कंट्रोल शोधा.

जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तेव्हा महिन्याला १६,००० रुपये होते. दोन वर्षांनी एसआरएफचे, म्हणजे सीनिअर फेलोशिपचे, १८,०००. ऑक्टोबर २०१४ मध्ये वाढ झाली आणि माझे २८,००० झाले. जानेवारी २०२३ पासून हेच आकडे ३७,००० आणि ४२,००० आहेत. कागदावर हे बरं दिसतं. पण फेलोशिप दर महिन्याला येतेच असं नाही. माझी एकदा सात महिने आली नाही. त्या काळात खोलीचं भाडं मैत्रिणीनं भरलं आणि मेसवाल्या मावशींनी वहीत नुसतं मांडून ठेवलं. घरी मी काही सांगितलं नाही. गरीब घरातून येणाऱ्या मुलामुलींनी तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच या वाटेला लागावं. तो नसेल तर आधी एखादं वर्ष प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करून साठवावा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

पीएच.डी.चं काम एचपीव्हीच्या दोन प्रथिनांवर होतं, ई६ आणि ई७. पेशीत बिघाड झाला की तिला थांबवणारं किंवा मरायला लावणारं पी५३ नावाचं प्रथिन असतं. ई६ त्याची विल्हेवाट लावतं. पेशी कधी दुभंगायची यावर आरबी नावाचं प्रथिन लगाम ठेवतं; ई७ तो लगाम सोडवतं. दोन्ही पहारेकरी गेले की पेशी वाढतच सुटते. हे आम्ही माणसावर तपासत नाही, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर तपासतो. त्यांतल्या माणसाच्या सगळ्यात जुन्या पेशींचं नाव हीला. १९५१ मध्ये बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या तीस वर्षांच्या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून त्या घेतल्या. तिला विचारलं नव्हतं. ती त्याच वर्षी गेली. तिच्या पेशी अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढतात, साधारण दिवसाला दुप्पट होतात. त्यांत एचपीव्ही-१८ आहे. पाच बालकांची आई होती ती, शेतात तंबाखू लावणाऱ्या घरातली. फ्लास्कवर मार्करनं 'हीला' लिहिताना पहिले काही महिने मला मावशी आठवायची. पुढं सवय झाली, आणि सवय झाली याचंही वाईट वाटायचं.

तिसऱ्या वर्षाची गोष्ट मोकळेपणानं सांगते, कारण अशा गोष्टी कुणी लिहीत नाही. २०१४ मध्ये माझ्याकडं आठ महिन्यांचा चांगला डेटा जमला होता. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीत, बँड स्वच्छ, आलेख हवा तसा. नवीन आलेल्या एका पोस्टडॉकनं, म्हणजे पीएच.डी. झालेल्या संशोधकानं, लॅबमधल्या सगळ्या पेशींची मायकोप्लाझ्मासाठी तपासणी करायची असं ठरवलं. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू, पण त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून आम्ही नेहमी घालतो त्या पेनिसिलिनला तो दाद देत नाही. इतका लहान की माध्यम गाळायच्या बारीक फिल्टरमधूनही निसटतो. साधा जिवाणू शिरला तर माध्यम गढूळ होतं, दुसऱ्या दिवशी कळतं. हा शिरला तर काहीच दिसत नाही. पेशी वाढत राहतात, फक्त वेगळ्या वागतात.

अंधाऱ्या खोलीत मी माझी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. डीएनएला चिकटणारा निळा रंग घातला होता. निरोगी पेशीत फक्त केंद्रकं निळी दिसायला हवीत, काळ्या पाटीवर ठेवलेल्या जांभळांसारखी. माझ्या काचेवर प्रत्येक जांभळाभोवती खसखस उधळली होती. बारीक बारीक निळे ठिपके, सगळीकडं. मी फोकस खालीवर करून पाहिला, दुसरी काच लावली, तिसरी लावली. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या लॅबमधून एक फ्लास्क आणला होता. वेगळ्या इनक्यूबेटरमध्ये ठेवून, तपासून मगच आपल्यात मिसळायचा असा नियम. मला घाई होती. मी तो सरळ आमच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवला होता.

बाईंकडं गेले. आमच्या गाईड मितभाषी. मी सगळं सांगितलं, फ्लास्कचंही. त्यांनी विचारलं, "वहीत लिहिलंस?" मी म्हटलं, नाही. "आधी लिही. आजची तारीख टाक, त्या फ्लास्कची तारीख टाक, कोणकोणते प्रयोग गेले ते लिही. मग जेवायला जा." दुसऱ्या दिवशी मी एकशे चाळीस नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात, टाकल्या. लॅबमधल्या आणखी दोघांच्या पेशी माझ्यामुळं गेल्या होत्या, त्यांची माफी मागितली. त्यातला एक महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. नव्या पेशी आणून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या वेळच्या चार निष्कर्षांपैकी दोन नव्या पेशींत दिसलेच नाहीत. म्हणजे मी खोटी गोष्ट छापून आणणार होते, तीही मनापासून. आज माझ्या लॅबमध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी मायकोप्लाझ्माची पीसीआर होते. त्यात सूट नाही.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा मी लॅबमध्ये काढला. आमच्या यंत्रातून क्षार पूर्ण काढलेलं अतिशुद्ध पाणी यायचं. बफर बनवताना एक लिटर मोजून घ्यायचे, आणि त्याच संध्याकाळी फोनवर दादा सांगायचे की टँकर दोन दिवस आला नाही, एक म्हैस विकली. मी त्या वर्षी दोनदा घरी जाते म्हणून बॅग भरली. दादा म्हणाले, "इथं येऊन तू काय पाणी आणणार हायस? तिथलं संपव." 

प्रबंध, सिनॉप्सिस, व्हायवा यावर लिहिण्यासारखं फार नाही. कागद फिरतात, सह्या लागतात, वेळ जातो. शोधनिबंध तीन नियतकालिकांतून परत आला, चौथ्यात लागला. एका परीक्षकानं लिहिलेली दीड पानांची टीका मला इतकी लागली होती की दोन आठवडे मी ती फाइल उघडली नाही. उघडली तेव्हा कळलं, त्यातले सहापैकी पाच मुद्दे खरे होते.

जर्मनीत काम भरपूर शिकले. एका पेशीतला आरएनए वेगळा वाचायचं तंत्र हाती आलं, आणि संध्याकाळी सहाला लॅब बंद करूनही संशोधन होतं हे पाहिलं. करोनाच्या काळात तिथं अडकले तेव्हा दादांना पहिला झटका आला, आणि मी मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या हॉस्पिटलची खाट बघत बसले. परत यायचं तेव्हाच पक्कं केलं. परतीच्या फेलोशिपसाठी दोन ठिकाणी नकार आला, तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीत एकानं विचारलं, "एवढं तंत्र शिकून तुम्ही खेड्यातले स्वॅब का गोळा करणार?" मी म्हटलं, तंत्र ज्याच्यावर चालवायचं तो नमुना खेड्यातून येतो. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, पण फेलोशिप मिळाली.

आता माझं काम असं आहे. एचपीव्हीची लागण पुष्कळ बायकांना होते आणि बहुतेकींची दीड-दोन वर्षांत आपोआप जाते. काहींची जात नाही, ठाण मांडते, आणि तिथून कॅन्सरपर्यंतचा प्रवास दहा-वीस वर्षांचा असतो. कुणाची जाणार आणि कुणाची राहणार हे आधी ओळखता येईल का, हे आम्ही शोधतो. त्यासाठी एकाच बाईचा नमुना वर्षाच्या अंतरानं पुन्हा घ्यावा लागतो. आता बाई स्वतःच आडोशाला जाऊन ब्रशनं नमुना घेऊ शकते, कुणासमोर झोपावं लागत नाही.

प्रकल्पाचा प्रस्ताव एथिक्स कमिटीकडं गेला तेव्हा सगळ्यात जास्त वेळ संमतीपत्रावर गेला. 'गर्भाशयमुखातील स्रावाचा नमुना' हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं, शुद्ध मराठीत. पहिल्याच गावात आशाताईंनी ते मोठ्यानं वाचलं आणि समोरच्या बाया माझ्याकडं बघत राहिल्या. आशाताई म्हणाल्या, "मॅडम, पिशवीचं तोंड म्हणा की." संमतीपत्र बदललं, पुन्हा कमिटीकडून मंजूर करून घेतलं. सहा आठवडे गेले. जिला वाचता येत नाही तिचा अंगठा आणि शेजारी अभ्यासाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही, हा नियम आहे. तो मी कधीच घाईत उरकू देत नाही.

पहिल्या खेपेचे नमुने लॅबला आले तेव्हा पाचातला एक वाया गेला. प्रत्येक नळीत आधी बीटा-ग्लोबिन नावाचं माणसाचं जनुक आहे का ते आम्ही बघतो. ते नसेल तर त्या ब्रशवर बाईच्या पेशीच आलेल्या नाहीत. संकोचानं बायांनी ब्रश नुसता वरवर लावून नळीत टाकला होता. मग आशाताईंनी जुन्या ओढणीची पिशवी शिवली, तोंडाला लाल कापड लावलं आणि ब्रश कुठवर जायला हवा ते दाखवलं. पुढच्या खेपेला वाया जाणारे नमुने दोनचारांवर आले.

अडचणी संपत नाहीत. दसऱ्यानंतर निम्म्या बाया ऊसतोडीला जातात, म्हणून वर्षाचा दुसरा नमुना गुढीपाडव्यानंतरच मिळतो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा, त्या आठवड्यात गावात कुणी नसतं. काही जणी येऊन सांगतात, "माझी तर पिशवीच काढलीय." वय विचारावं तर बत्तीस, चौतीस. ऊसतोड बायकांच्या या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली. आमच्या रजिस्टरमध्ये अशा बायांसाठी वेगळा रकाना आहे, तो भरतानाचं मौन मला सहन होत नाही. आणि जिची चाचणी पॉझिटिव्ह येते तिला पुढच्या तपासणीला नेणं हे आमचंच काम. गाडीभाडं प्रकल्पात धरलं नव्हतं, दुसऱ्या वर्षी भांडून धरून घेतलं.

जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्ररात्र जवळ बसून तपासले, आणि १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषावर त्यांनीच वापरात आणलं. फोन करणारी मुलं मला "मोठ्या संस्थेत नंबर लागला नाही तर?" असं विचारतात तेव्हा मी त्यांचं नाव सांगते, आणि हेही सांगते की त्यांनी प्रत्येक रुग्णाची नोंद स्वतः ठेवली.

मागच्या मे महिन्यात आमच्याच गावात शिबिर होतं, शाळेच्या वऱ्हांड्यात. मायचं वय बासष्ट, अभ्यासाच्या मर्यादेबाहेर. तरी ती सकाळपासून येऊन बसली होती. कुणी बिचकली की तिला जवळ घ्यायची. "मी दिलेलंय पंचवीस वर्षांमागं. तवा तर झोपवायचे. आता तुमचं तुम्हीच करायचं, कशाची लाज?" त्या दिवशी एक्केचाळीस नमुने मिळाले, एकाच गावातले आमचे सगळ्यात जास्त.

संध्याकाळी मी नळ्यांवरचे कोड यादीशी जुळवून शीतपेटीत लावत होते. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. माय शेजारी उभी राहून बघत होती.

"हिला कोणता नंबर दिला?"

"ते सांगता येत नाही, माय."

"बरं. आन् माझा काय होता?"

तो निबंध मी शंभरदा तरी वाचला असेन. त्यात गट आहेत, रकाने आहेत, बेरजा आहेत. मी म्हटलं, तुझ्याकडं काही चिठ्ठी दिली होती का त्यांनी? घरी गेल्यावर आम्ही दोघींनी मिळून ट्रंक उघडली. दादांचं रेशनकार्ड, माझे दहावीपासूनचे दाखले, मावशीचा बार्शीचा केसपेपर निघाला. चिठ्ठी निघाली नाही. माय म्हणाली, माळ्यावरच्या डब्यात असंल, उद्या उजेडी बघू.